भाषेचे बिऱ्हाड

पुण्याच्या माणसाला घरमालक आणि बिऱ्हाडकरू यांच्यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. जिन्यात चपला कुठे काढायच्या, नळावर बादली कधी लावायची, दळण-कांडण किती वाजेपर्यंत करायचे, हे घरमालक ठरवतो. बिऱ्हाडकरू ते पाळतो आणि पाळता पाळता मनातल्या मनात स्वतःचे घर बांधत असतो. भाषांचेही काहीसे असेच आहे. काही भाषा आपल्या घरात नांदतात. काहींच्या वाट्याला दुसऱ्याच्या माडीवरच्या दोन खोल्या येतात. दारावर पाटी लावायची तर त्यांना आधी विचारावे लागते, आणि मूल मोठ्याने बोलले तर आई त्याला चूप करते. अशा भाषेने दुसऱ्याच्या राज्यात काढलेल्या शाळेला मी भाषेचे बिऱ्हाड म्हणतो. भांडी मोजकी, जागा अपुरी, भाड्याची टांगती तलवार डोक्यावर. पण चूल आपली.

मी स्वतः राहतो खडकवासल्याला. इथे घरमालक आम्ही, म्हणजे मराठी. तसे आमचे गाव फार दिवसांपासून पाहुण्यांना सरावलेले आहे. १८७९ साली मुठेवर धरण पूर्ण झाले, तेव्हापासून इथे परगावची माणसे येतच राहिली. पुढे तळ्याच्या काठी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आले, १९५५ साली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उद्घाटन झाले, गिरीनगरची वसाहत उभी राहिली. त्यामुळे आमच्या बसथांब्यावर सकाळी उभे राहिले की मल्याळी, तमिळ, बंगाली, पंजाबी अशा चार-पाच भाषा कानांवरून जातात. लहानपणी त्या मुलांबरोबर आम्ही विटीदांडू खेळलो. त्यांच्या घरी काय बोलतात ते आम्हांला ठाऊक होते; ते लिहायला त्यांना कोण शिकवते, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही. घरमालकाला असले प्रश्न सहसा पडतच नाहीत. मला तो पडला याचे कारण आमचे वडील. ते जन्माने बिऱ्हाडकरू होते.

सिंहगड रस्त्याने पुण्याहून खडकवासल्याला येताना अलीकडे नांदेड नावाचे गाव लागते. आता तिथे उंच इमारतींची मोठी वस्ती झाली आहे. नाना, म्हणजे आमचे वडील, त्या पाटीकडे पाहून दर वेळी हसत. कारण त्यांचे नांदेड निराळे, गोदावरीच्या काठचे. "एका नांदेडहून निघालो आणि दुसऱ्या नांदेडच्या शेजारी येऊन पडलो," असे ते म्हणत. मधला प्रवास मात्र सरळ नव्हता. तो तीन राज्यांतून आणि दोन भाषांतून झाला होता, आणि त्यातला एकेक मुक्काम एकेका शाळेत होता.

नानांचा जन्म फसली १३३६ सालचा. फसली हे निजामाच्या राज्यातले सरकारी वर्ष. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९२६-२७. नानांच्या दाखल्यावर महिनाही 'इस्फंदार' लिहिलेला होता, आणि तो पाहून मुंबई राज्यातल्या कारकुनाने तो कागद उलटा-सुलटा करून पाहिल्याची गोष्ट ते रंगवून सांगत. हैदराबाद राज्यात सरकारी शाळेला मदरसा म्हणत. प्राथमिक ती तहतानिया, मधली ती वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. खाली काही दिवस मातृभाषा चाले. वर चढले की सगळे उर्दूत. वर्ग म्हणजे जमात, त्रिकोण म्हणजे मुसल्लस, कोन म्हणजे जाविया. आणि चौरसाला उर्दूत म्हणतात मुरब्बा. घरी आजी कैऱ्यांचा मुरंबा घालणारी. पहिल्या दिवशी मास्तर फळ्याकडे वळून म्हणाले, "एक मुरब्बा खेंचो," आणि नानांच्या तोंडाला पाणी सुटले! पुढे आमच्याकडे मुरंब्याची बरणी उघडली की नाना न चुकता विचारत, "याच्या चारी बाजू सारख्या आहेत ना?"

ही हसायची गोष्ट झाली. पण तिच्या पोटात एक अवघड गोष्ट होती. त्या राज्यात निम्म्याच्या आसपास माणसे तेलुगू बोलत, चौथ्या हिश्श्याच्या आसपास मराठी, बाकीची बहुतेक कन्नड आणि उर्दू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दरबारात फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि कचेरी, कोर्ट, वरची शाळा अशा सगळ्या जिन्यांवर तिचा पहारा बसला. नापास होणारी सगळीच मुले बुद्धीने कमी नव्हती. कितीतरी जणांना गणित येत होते. गणिताचा प्रश्न कळत नव्हता.

इथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे, आणि नाना ती नेहमी सांगत. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दू स्वीकारली. त्या काळी देशातली बहुतेक विद्यापीठे इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेचा विचारही करायला तयार नव्हती. हैदराबादने त्यासाठी भाषांतराचे मोठे खाते उघडले, शास्त्रांचे शब्द घडवले, वैद्यक आणि यंत्रविद्याही देशी भाषेतून शिकवून दाखवली. ही कामगिरी लहान नव्हती. माणसाने ज्ञान आपल्या भाषेत घ्यावे, हे तत्त्व तिथल्या विद्वानांनी अचूक ओळखले होते. फक्त 'आपली भाषा' कोणाची, एवढे विचारायचे राहून गेले. नानांना उर्दूचा राग नव्हता. म्हातारपणी ते गालिब वाचत आणि वाचताना चष्म्याआड त्यांचे डोळे मिटत. "उर्दूने मला पुष्कळ दिले," ते म्हणत, "पण तिने आधी माझी जीभ काढून घेतली आणि मग पानाचा विडा पुढे केला."

या अडचणीवर मराठी माणसांनी काढलेला उपाय म्हणजे शाळा. १९०७ साली हैदराबाद शहरात विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय सुरू झाले. या उभारणीत ज्यांचा पुढाकार होता ते केशवराव कोरटकर वकील होते आणि पुढे निजामाच्याच हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. वामनराव नाईकांसारखे वजनदार गृहस्थ त्यांच्या सोबत होते. पुढे वेदांच्या संपादनात आयुष्य घालवणारे पंडित सातवळेकर त्या सुमारास हैदराबादेत चित्रकार म्हणून राहत. या कामात त्यांचाही हात होता. न्यायमूर्ती, जहागीरदार, चित्रकार अशी मंडळी एकत्र येऊन काय मागत होती, तर मुलाने मराठीत शिकावे! औरंगाबादेत १९१५ साली सरस्वती भुवन निघाले. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा सुरू झाली, आणि स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक म्हणून आले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा हा पुढारी आधी खेड्यातल्या शाळेचा मुख्याध्यापक होता. १९३५ साली ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले आणि तिथून १९३८ च्या सत्याग्रहाकडे.

या शाळांवर सरकारची नजर असे. सभेला परवानगी लागे. तिचा हुकूम 'गश्ती निशान ५३' या नावाने त्या काळच्या माणसांना तोंडपाठ होता. खाजगी शाळा काढायलाही परवाना लागे. तरीही शाळा चालल्या. नाना बाराव्या वर्षी चुलत्यांकडे हैदराबादेत आले आणि विवेकवर्धिनीत जाऊ लागले. तिथले त्यांना पहिल्यांदा काय आवडले असेल? पुस्तके नव्हेत, मास्तरही नव्हेत. "अंगणात मराठीतून भांडता येत होते," असे ते सांगत. परक्या भाषेत मूल अभ्यास करू शकते, नम्रपणे उत्तरेही देऊ शकते. पण भांडायला त्याला आईची भाषा लागते. नानांच्या मते शाळेची खरी परीक्षा वर्गापेक्षा मधल्या सुट्टीत होते.

इथपर्यंतची हकीगत आम्हा भावंडांना पाठ होती. दिवाळीत फराळाला पाहुणे आले की ती निघे, आणि ऐकणारा प्रत्येक मराठी माणूस लाडू हातात घेऊन अभिमानाने मान डोलावी. पण या गोष्टीचा एक दुसरा भाग आहे. तो नानांनी मला फार उशिरा, मी चाळिशी ओलांडल्यावर सांगितला.

१९२१ च्या नोव्हेंबरात विवेकवर्धिनीच्या सभागृहात सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आणि स्त्रीशिक्षणासाठी जन्म वाहिलेला माणूस पुण्याहून तिथे गेला होता. इंग्रजी, उर्दू, मराठी अशी भाषणे झाली, लोकांनी ऐकली. मग आलमपल्ली वेंकट रामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले. श्रोत्यांतून, आणि त्यांत मराठी मंडळी पुष्कळ होती, हुर्यो सुरू झाली. हशा, टाळ्या, गोंगाट. ज्या राज्यात निम्मी माणसे तेलुगू बोलतात, त्याच्या राजधानीत तेलुगू माणसाला तेलुगूत बोलू दिले नाही. आणि हे घडले कुठे? तर ज्या भाषेला कोणी बोलू देत नव्हते, तिच्यासाठी बांधलेल्या घरात.

मी नानांना म्हणालो, "तुमच्या जन्माआधीची गोष्ट. तिचे एवढे काय?"

नाना म्हणाले, "सभागृह आपले होते ना? मग लाजही आपलीच. शाळा आपली म्हणून सांगताना अर्धीच कशी सांगायची?"

त्याच रात्री अपमान झालेली तेलुगू मंडळी एकत्र बसली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. पुढे त्यातूनच आंध्र महासभा उभी राहिली. तेलंगणाच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास या रात्रीपासून सांगतात. माडपाटी हनुमंतराव हे त्यांतले मोठे कार्यकर्ते. १९२८ साली नारायणगुड्यात त्यांच्या प्रयत्नाने तेलुगू मुलींची शाळा निघाली. तिचीही तीच रड: माध्यम तेलुगू, म्हणून सरकारी मान्यता नाही. मान्यता नाही तर परीक्षा कोणती द्यायची? तेव्हा ही शाळा जोडली गेली ती कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला. मुलींना मातृभाषेतून शिकवायचे म्हणून कर्व्यांनी १९१६ साली पुण्याजवळ हिंगण्यात सुरू केलेले हे विद्यापीठ. आमच्या धरणातून निघालेली मुठा खाली हिंगण्यावरून पुण्यात जाते. ज्या सभेत तेलुगूची हेटाळणी झाली, तिच्या अध्यक्षांनी उभारलेल्या संस्थेने तेलुगू मुलींच्या शाळेला छप्पर दिले. कर्व्यांच्या मनात त्या वेळी ती सभा होती की नव्हती, हे आपण कशाला ठरवायचे? छप्पर मिळाले, एवढे खरे. मुलींच्या डोक्यावरचे ऊन त्याने चुकले.

भाषेच्या बिऱ्हाडांची ही कथा आपल्याकडचीच आहे असे नाही. युरोपात ट्रान्सिल्व्हानिया नावाचा मुलूख आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या त्रियानोंच्या तहाने, तो हंगेरीकडून रुमानियाकडे गेला. तिथल्या लक्षावधी हंगेरियन माणसांनी आपला उंबरठाही ओलांडला नव्हता, आणि ती एका सहीसरशी घरमालकाची बिऱ्हाडकरू झाली. तिथे मारोशवाशारहेय नावाचे शहर आहे. रुमानियन लोक त्याला तर्गु मुरेश म्हणतात. शहराला दोन नावे असली की समजावे, तिथे बिऱ्हाडाचा तंटा आहे. बेळगावकरांना हे सांगायला नको. त्या शहरातली जुनी शाळा आपला आरंभ १५५७ सालापासून मोजते. फार्कश बोयॉई हे गणिती तिथे १८०४ पासून जवळजवळ अर्धशतक शिकवत होते, आणि युक्लिडच्या भूमितीला पर्याय शोधणारा त्यांचा मुलगा यानोश तिथेच शिकला. मुलाचे ते संशोधन बापाच्या लॅटिन ग्रंथाची पुरवणी म्हणून १८३२ साली छापले गेले. १९४८ साली कम्युनिस्ट राजवटीने धर्मसंस्थांच्या शाळा ताब्यात घेतल्या; या शाळेला पुढे बोयॉई यांचे नाव मिळाले, आणि मग त्याच इमारतीत रुमानियन वर्गही भरू लागले. कुठला वर्ग कुठल्या मजल्यावर, मुख्याध्यापक कोणत्या भाषेचा, यावरून तिथे जे चालले ते वाचताना मला पुण्यातला वाडा आठवतो. माणसे तीच; फक्त नळाच्या जागी फळा असतो.

आपल्याकडे ती सही दोनदा झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. उर्दूचा पहारा उठला. विवेकवर्धिनीतल्या मास्तरांनी पेढे वाटले असतील, आणि वाटायलाच हवे होते. पण आठ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, गुलबर्गा म्हैसूरला गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. नकाशा न्यायाने कापला तरी कात्रीला दोन पाती असतात. नांदेडचा, परभणीचा, बीडचा जो मुलगा पूर्वी शिकायला हैदराबादला जाई, तो आता औरंगाबादला, पुण्याला जाऊ लागला. विवेकवर्धिनी होती तिथेच राहिली. तिचे मराठी गणगोत मात्र सरहद्दीपलीकडे गेले.

नानाही त्या वाटणीत आले. पाटबंधारे खात्यात ते ओव्हरसिअर होते; हैदराबाद राज्याच्या नोकरांची विभागणी झाली तेव्हा त्यांच्या वाट्याला मुंबई राज्य आले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले, पुणे बुडाले. मोडलेले धरण पुन्हा उभारायला जी माणसे आली, त्यांत नाना होते. आले ते इथेच राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते अशा गावात आले होते की जिथे कचेरीची, बाजाराची आणि शाळेची भाषा एकच होती. आई सांगे, पहिले काही महिने ते कचेरीतही हळू आवाजात बोलत.

हैदराबादेत राहिलेल्या त्यांच्या शाळासोबत्यांची दिवाळीला पत्रे येत. सुरुवातीला आठ-दहा. शुद्ध, वळणदार मराठी; 'सप्रेम नमस्कार विनंतिविशेष' पासून सुरू होणारी. नाना ती मोठ्याने वाचत. पंधरा-वीस वर्षांनी पत्रांचे वळण बदलले. म्हाताऱ्याने सांगितलेले नातवाने लिहिलेले असे. देवनागरी खरी, पण तेलुगू गिरवलेल्या हाताने काढलेली, गोल गोल, जणू अक्षरांना बाळसे आले आहे. 'दिवाळीचे शुभाशीर्वाद' याचे 'शुबाशिरवाद' झालेले असे. नाना चुका काढीत नसत. ते पत्र चारदा वाचून उशीखाली ठेवत. नंतर इंग्रजी छापील कार्डे आली. खाली सही तेवढी मराठीत. आणि एका वर्षी सहीही इंग्रजीत आली. त्या घरात कोणी कोणावर बंदी घातली नव्हती. मुलांना कॉलेजसाठी इंग्रजी लागत होते, नोकरीसाठी तेलुगू लागत होते, आणि मराठी फक्त आजोबांसाठी लागत होती.

आता कायद्याकडे पाहा. १९५० च्या राज्यघटनेचे तिसावे कलम भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. १९५६ सालीच घटनेत ३५० अ हे कलम आले: अल्पसंख्याक भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, याची सोय प्रत्येक राज्याने करण्याचा प्रयत्न करावा. केशवराव कोरटकरांच्या पिढीला हे कागद मिळाले असते तर त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवले असते. पण गंमत अशी की, मनाई होती तेव्हा त्या शाळांत मुलगा घालायला आईबाप धावत. हक्क मिळाला आणि पावले मंदावली. कायदा शाळेचे दार उघडे ठेवू शकतो. मुलाचे बोट धरून त्या दारातून आत जायचे काम कोणत्याही कलमाने होत नाही. ते कोणा एका आईने एका सकाळी करायचे असते. विवेकवर्धिनीची पुढे महाविद्यालये झाली, इतर भाषांची मुलेही तिथे शिकली. संस्था टिकली, वाढली, याचा आनंद आहे. पण जी चूल पेटवायला ती निघाली होती, तिच्यासाठी सरपण आणणारी घरेच शहरात कमी होत गेली.

असे म्हटले की मराठी माणूस हळहळतो आणि मोठा सुस्कारा टाकतो. मीही टाकला असता. पण १९२१ ची ती हुर्यो मला माहीत झाली होती, आणि ती एकदा कानांत बसली की सुस्कारा अर्ध्यावर अडकतो. आपण बिऱ्हाडकरू असतानाची दुःखे आपल्याला मुखोद्गत आहेत. आपण घरमालक असताना माडीवर कोण राहते, याची चौकशी कोणी केली आहे? पुण्यात एरंडवण्याला कन्नड संघाने कन्नड माध्यमाचे हायस्कूल उभे केले. त्यावरून जातायेता किती पुणेकरांना वाटले असेल की ही आमच्या हैदराबादच्या शाळेची सख्खी बहीण?

२०२१ साली खडकवासला पुणे महानगरपालिकेत आले. त्याआधीपासूनच सिंहगड रस्त्याला दोन्ही बाजूंनी इमारती चढत आहेत. त्या बांधायला माणसे येतात ती पुष्कळदा कलबुर्गी, यादगीर या बाजूची. कलबुर्गी म्हणजे आपले जुने गुलबर्गा. जिथे १९०७ साली मराठी मुलांसाठी नूतन विद्यालय निघाले, तेच. आता तिकडचे कन्नड मूल आमच्या मराठी शाळेत येऊन बसते. आमच्या गल्लीतली मराठी मुले पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात, आणि मराठी शाळेचा पट राखतात ती घरी कन्नड, हिंदी, लमाणी बोलणारी मुले. 'मराठी टिकली पाहिजे' असे आम्ही म्हणतो. ती टिकवण्याचे काम आम्ही नकळत बिऱ्हाडकरूंवर सोपवले आहे.

आमच्या समोरच्या बांधकामावर अशी एक मुलगी आहे. तिसरीत शिकते. संध्याकाळी बांधकामावरचे दिवे लागेपर्यंत माझ्या ओट्यावर बसून ती मराठी धडा वाचते. वाचते चांगले, 'ळ' तर आमच्या नातवंडांपेक्षा सरस म्हणते, कारण तो तिच्या घरचाच आहे. परवा धड्यात 'नीर' शब्द आला. "नीर म्हणजे पाणी," मी म्हणालो. तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी तिच्या घरातले भांडे चोरून आणले होते. "नीरु!" ती म्हणाली, आणि धरणाकडे हात केला. मग आम्ही तासभर हाच खेळ खेळलो. मी म्हणायचे 'घर', तिने 'मने'. मी 'भाऊ' म्हणायचे, तिने 'अण्णा'. आणि मग दोघांनीही हसायचे, कारण अण्णा तर आमच्याकडे घरोघर आहेत.

मी तिला म्हणालो, "नीरु लिहून दाखव."

तिला येईना. कन्नड अक्षरे तिला कोणी शिकवलेलीच नव्हती. आईबापांना लिहिता येत नाही. मुलगी तीन भाषा बोलते, आणि लिहिते ती फक्त आमची. शाळेला दोष द्यावा असे काही नाही. एकेका वर्गाला एक मास्तर, त्याने काय काय करावे? पण नानांची जमात, तो मुरब्बा आणि ती हळू आवाजात बोलण्याची सवय, हे सगळे माझ्या ओट्यावर येऊन बसल्यासारखे झाले. फरक इतकाच की या वेळी मास्तर माझ्या बाजूचा होता.

पुढच्या खेपेला पुण्यात गेलो तेव्हा विचारत विचारत एक कन्नड अंकलिपी मिळवून आणली. मला कन्नड येत नाही. तिला उच्चार येतात, मला पेन्सिल धरता येते. असा आमचा भागीदारीचा धंदा सुरू आहे. ती चित्र पाहून शब्द सांगते, मी त्याखालचे अक्षर शोधतो, आणि मग दोघेही ते गिरवतो. माझी अक्षरे तिच्यापेक्षा वाकडी येतात याचा तिला फार आनंद होतो. हैदराबादहून येणाऱ्या पत्रांतली ती गोल अक्षरे नाना का उशीखाली ठेवत, हे मला आता हळूहळू कळू लागले आहे. वेगळ्या वळणाच्या हाताने तुमच्या भाषेकडे यायला किती कष्ट पडतात, ते स्वतः उलट्या दिशेने चालल्याशिवाय उमगत नाही.

दिवाळीत तिच्या घरची मंडळी गावी जातात, यादगीरकडे. या वर्षी तिचे आईवडील कामावरून सुटणार नाहीत. तेव्हा तिने आजीला चार ओळींचे पत्र लिहावे असा आमचा बेत ठरला आहे. आजीला वाचता येत नाही. पण त्यांच्या गावात शाळा आहे. कोणीतरी मूल वाचून दाखवीलच. अजून तीन ओळी व्हायच्या आहेत.